अपूर्ण भूतकाळाचा तास

दिवा जरा इकडे सरकव. गुरुवारचा वर्ग आता तू घेणार आहेस ना, मग एवढं ऐकूनच जा.

नोव्हेंबर महिना. दुपारचे चारच वाजले होते, पण धुकं असं उतरलं होतं की शाळेसमोरचं चेस्टनटचं झाडसुद्धा दिसेना. शाळेची किल्ली घ्यायला मी गावच्या कचेरीत गेले. तिथली कारकून, युगेत, किल्ली देता देता म्हणाली, "सोलांज, आज काय शिकवणार?"

"अपूर्ण भूतकाळ. करायचो, जायचो, खायचो."

"त्या खोलीत नको गं. हवं तर भविष्यकाळ शिकव. कोंब्रूझ मास्तर हाच धडा शिकवता शिकवता गेले."

मी हसले. मास्तरांच्या हाताखाली मी स्वतः शिकले होते. क्रियापद चुकलं की त्यांची छडी बाकावर वाजायची. टक्. एकदाच. मग कान पिळायचे. पण त्यांना जाऊन आता पस्तीस वर्षं झाली होती.

शिकणारे दोघंच. आदेलिनो हा पोर्तुगालचा गवंडी, आणि जॉर्जियाहून आलेली नातेला, वृद्धाश्रमात स्वयंपाकाला होती. तीन आठवड्यांनी दोघांची नागरिकत्वासाठी फ्रेंच भाषेची परीक्षा होती. नातेला दोनदा नापास झालेली. 'यंदा नाही जमलं तर मी परत बसणार नाही,' असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

आदेलिनोला मी फळ्यावर लिहायला सांगितलं, 'आम्ही शिकायचो.' आमच्या भाषेत त्या शब्दात एकापुढे एक दोन 'इ' लागतात. दुसरी धड ऐकूही येत नाही, पण गाळली की 'शिकायचो'चं 'शिकतो' होऊन बसतं. आदेलिनोने एकच लिहिली.

टक्.

आवाज छतावरून आला. जुन्या लाकडावर लाकूड आपटावं तसा.

"उंदीर असेल," मी म्हणाले.

"वर उंदराला उभं राहायला जागा कुठाय, बाई?" आदेलिनोचा आवाज उतरला. "जुलैत मीच वरच्या फळ्या उपटल्या. नुसत्या तुळया आहेत..."

त्याने दुसरी 'इ' घातली. शांतता. गवंडीच तो, ओळंबा लावल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. 'इ' पुसली. टक्. पुन्हा घातली. शांतता.

"बाई... या उंदराला व्याकरण येतं."

खोलीत हळूहळू वास पसरला. शाईचा, ओल्या लोकरीचा आणि पाइपच्या तंबाखूचा. आमच्यापैकी कुणीच पाइप ओढत नव्हतं. मी खडू घेतला आणि 'आम्ही खायचो' लिहिताना मुद्दाम एक अक्षर जास्त घातलं.

टक्. टक्.

मला दोनदा! त्रेसष्ट वर्षांची बाई मी, पण हात आपोआप कानावर गेला.

नातेलाने तीनदा क्रूसाची खूण केली. मी कोट चढवत होते. ती मात्र पुन्हा बाकावर बसली.

"बाई, परीक्षेला तीन आठवडे राहिलेत. हा माणूस दमत नाही, रजा घेत नाही. शिकवू दे की!"

आणि काय सांगू, आम्ही रोज जायला लागलो. पहिले दोन दिवस दातखीळ बसायची, मग सवय झाली. आदेलिनो तर छताशी भांडायचा. "अहो मास्तर, नीट बघा तरी! बरोबर आहे ते!" टक्. "बरं बरं, चुकलं." माझ्याकडे वळून म्हणायचा, "मेल्यावर एवढे कडक, तर जिवंतपणी काय असतील!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी विषय दिला, 'माझं बालपण'. नातेला फळ्यावर लिहू लागली. 'आमच्या अंगणात अक्रोडाचं झाड होतं.' शांतता. 'आई भट्टीच्या भिंतीला पाव थापायची.' शांतता. 'माझा भाऊ झाडावर बसून गायचा.' शांतता. मला तिचा अभिमान वाटला.

मग तिने लिहिलं, 'माझा भाऊ युद्धात मेला.'

टक्.

मी अक्षर न् अक्षर तपासलं. पुस्तक काढून पाहिलं. काळ बरोबर, रूप बरोबर. "मास्तर," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट उत्तर दिलं, "यात चूक नाहीये."

टक्.

नातेला फळ्याकडे बघत उभी राहिली. "बाई... त्याचं प्रेत मिळालं नव्हतं," ती म्हणाली. "आम्ही रिकामी पेटी पुरली. सोळा वर्षं झाली."

तिने तळहाताने ते वाक्य पुसलं आणि नवं लिहिलं, 'माझा भाऊ गातो.'

वर काहीही वाजलं नाही. शेगडीत लाकूड तडतडलं तेव्हा आदेलिनो मला बिलगला, एवढा धिप्पाड गडी!

दोघंही पास झाले. परीक्षेतही बालपणच आलं होतं, आणि नातेलाने तेच वाक्य लिहिलं होतं. तपासनिसाने 'गातो'खाली लाल रेघ मारून एक गुण कापला, 'येथे भूतकाळ हवा.' ती रडेपर्यंत हसली. त्याच आठवड्यात तिने हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या कचेरीला पत्र टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही.

इथेच थांबायला हवं होतं मी. पण नंतर एकदा शाळा बंद करायला एकटीच गेले, खडू दिसला, आणि हाताला खाज सुटली. सहज लिहिलं, 'माझा नवरा घोरायचा.'

फेर्नांला जाऊन चार वर्षं झालीत. त्याचा शेवटचा टाय मी निवडला होता. पेटीचं झाकण लावलं तेव्हा मी समोर उभी होते.

टक्.

शब्द बरोबर होता गं... मी तीनदा वाचला. मग पुसला आणि लिहिलं, 'घोरतो.'

शांतता.

त्या दिवसापासून मी रात्री रेडिओ लावून झोपते, मोठ्याने. काल शेजारी नव्यानेच राहायला आलेली बाई दारात आली. मला वाटलं, आता रेडिओवरून बोलणी खाणार.

"रेडिओचं काही नाही हो," ती म्हणाली, "पण त्यांना जरा कुशीवर वळवत जा."