शेवटच्या पानावरची सही

दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या प्रिंटरमध्ये भूगोलाच्या बाईंचा कागद अडकला आणि तो ओढून काढला नव्या हिशेबनिसानं. काढला तो काढला, वर उभ्या उभ्या वाचलाही. परदेशातल्या शाळेशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, वीस मुलं, तीन आठवडे... "विमानाचं भाडं धरलंय," तो म्हणाला, "पण मुलं तिथे हवा खाऊन राहणार का?" बाईंना असा राग आला — आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या आपणहून त्याच्या टेबलाशी हजर.

तेव्हापासून रोज तेच. निम्मा खर्च निधी देणाऱ्या संस्थेकडून, उरलेला शाळा आणि पालकांकडून, त्यासाठी बँकेत वेगळं खातं... तो समजावत राहायचा, आणि बाईंचं लक्ष निम्मं आकड्यांवर, निम्मं त्याच्या दुमडलेल्या बाह्यांवर.

आज संस्थेकडे अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस. पाच वाजले की अर्ज घेणं बंद. आणि पैसे सांभाळणारा म्हणून सही करायची, तर यानं सकाळी अर्जाचं शेवटचं पान वाचलं, पेन खाली ठेवलं आणि सही न करताच उठून गेला. बाईंचा जीव टांगणीला लागला. वर्गात त्यांनी दोनदा फळा पुसला, त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. वीस मुलांनी मनातल्या मनात बॅगा भरल्या होत्या. त्यांना काय तोंड दाखवायचं? आणि याचं काय बिनसलं? आपलंच काही चुकलं का?

चार वाजता तो आला. हातात नवं पान. पैसे सांभाळणाऱ्याच्या जागी मुख्याध्यापिकांची सही.

"तुम्ही अंग काढून घेतलंत," बाई म्हणाल्या.

"घेतलं. अर्ज करणारा आणि पैसे सांभाळणारा यांच्यात नातं नाही, आणि पुढेही जुळण्याची शक्यता नाही, असं त्या पानावर लिहून द्यायचंय." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "पहिलं खरं आहे. दुसऱ्यावर... माझ्याच्यानं सही होईना."

बाईंची कानशिलं तापली. त्यांनी घाईघाईनं आपली सही ठोकली, अर्ज पाठवला, आणि पोचल्याचा निरोप पडद्यावर येईपर्यंत मान वर केली नाही.

"आता पैशांचं सगळं मुख्याध्यापिकांकडे," तो हळूच म्हणाला. "मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायला तुम्हाला कारणच उरलं नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "रोज नवं कारण शोधताना मेटाकुटीला आले होते मी. उद्यापासून बिनकामाचीच येईन."