न मोजता लावलेलं दार

दिवेलागणीला मेहक चहाची किटली घेऊन मुजीबमामांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा मेंढपाळ ज्ञानूआबा आधीच बाकावर टेकले होते. इनामगावात वायरलेसचा परवाना एकट्या मामांकडे. अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना आतल्या माणसांशी आठ-दहा मिनिटं बोलता यायचं, आणि आज मेहक बोलणार होती. वर्गात हजेरीलाही जिचा आवाज फुटत नसे, ती मेहक.

"तिथं तिघं राहतात," मामा आबांना सांगत होते. "आज आणखी तिघांचं यान जाऊन जोडलं गेलं. मधलं दार उघडलं की सहा."

"मोजून घेत्यात का पर?"

"आबा, ती काय मेंढरं आहेत?"

"मेंढरं बरी. गुमान मोजू देत्यात." आबांनी कनवटीचे खडे मेहकपुढे ओतले. "मेंढरं वाड्यात घेताना एकामागं एक खडा. एखादं जास्ती भरलं, तर त्याला भाईर काढल्याबिगर दार लावायचं न्हाई."

"आणि लावलं तर?" मेहकनं हळूच विचारलं.

"सकाळी मोजणी बरोबर भरती," आबा म्हणाले. "आपलं एक गेलेलं आसतं."

खरखर सुरू झाली. तापलेल्या वायरींचा वास दुकानभर पसरला. हसऱ्या आवाजाचा कप्तान इंग्रजीत बोलू लागला. पाहुणे आत आले होते, दार लावायचं तेवढं राहिलं होतं. आधी त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, मग एकेकानं आपलं. मेहक खडे मांडत गेली. सहा.

मग पाण्याखालून यावा तसा एक मऊ आवाज म्हणाला, "मीही आलो."

"मामा... सात झाले."

"घुमला असेल कुणाचा तरी आवाज. बोल तू, वेळ चाललाय."

पाठ केलेला प्रश्न ती विसरूनच गेली. सांगायचं होतं एवढंच, की तुमच्यात एक जास्त आहे, दार लावू नका. अंगठा बटणावर होता, पण इंग्रजी शब्द जुळेनात.

"बोल बेटा, लाजू नकोस," कप्तान हसला.

तिनं बटण दाबून "सेव्हन..." म्हटलं, तोवर स्थानक पुढं निघून गेलं होतं. उरली नुसती खरखर.

दुसऱ्या दिवशी ती इंग्रजी वाक्य तळहातावर लिहूनच आली. मामांनी पुन्हा सगळ्यांची नावं विचारली. तिनं खडे मांडले. सहा.

"बघ! उगाच घाबरवलंस काल."

मेहक खड्यांकडे बघत राहिली. हसरा आवाज त्यात नव्हता. कप्तानाचं नाव सांगितलं होतं त्या मऊ आवाजानं... आणि बाकीचे पाच जण त्याच्याशी रोजच्यासारखे बोलत होते.

"आबा... मोजणी बरोबर भरली."

आबा झटकन उठले आणि दुकानाचं दार ओढून आतून कडी घातली.

"काल मोजणारी मुलगी आहे ना तिथं?" मऊ आवाजानं विचारलं. "तुम्ही कितीजण आहात?"

मेहकनं मामांचा हात धरायच्या आत त्यांनी बटण दाबलं.

"फोर," ते सहज म्हणाले. मान वर न करता.

मामा, आबा आणि मेहक. आणि दार तर आबांनी मघाशीच लावलं होतं... न मोजता.