नसलेल्या चेंडूचा झेल

"अहो, माणसांच्या डोक्यात खिळे ठोकताय की काय?"

दार ढकलून तो आत आला, तेव्हा तिच्या हातात लाकडाचे दोन ठोकळे होते. ते एकमेकांवर आपटायच्या बेतात तसेच हवेत राहिले. खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारा नवा भाडेकरू आलाय, एवढं तिच्या कानावर आलं होतं. पण तो एवढा उंच असेल, आणि चिडला की एवढा देखणा दिसेल, हे मेलं कुणी सांगितलंच नव्हतं!

"नाटकाची तालीम आहे," ती म्हणाली. "हा बॅटचा आवाज. टक!"

"आणि चेंडू कुठाय?"

"चेंडू नाहीये."

"म्हणजे चेंडू नाही, नुसताच आवाज?"

"तुम्हाला भांडायचंय की खेळायचंय?"

कोपऱ्यातून तिच्या मामाने चष्म्यावरून वर पाहिलं. नाटक मामाचं, चाली मामाच्या, आणि सगळ्यांत मोठा आवाजही मामाचाच. "ही आठी! हे नाक! अगं पोरी, आपला साहेब स्वतःच्या पायांनी जिना चढून आला की!"

झालं. भांडायला आलेला माणूस हातात बॅट घेऊनच खाली उतरला.

नाटक होतं परक्यांच्या राजवटीतलं. साहेबाला गावचं कुरण आपल्या घोड्यांसाठी हवं होतं, आणि गाव काही केल्या देईना. मग क्रिकेटचा सामना ठरला. साहेब जिंकला तर कुरण त्याचं. हरला तर पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. सगळा सामना गाण्यांतून रंगायचा. चेंडू मात्र खोटा, कारण खऱ्याने पहिल्याच तालमीत पेटीवाल्याचा चष्मा फोडला होता. तेव्हा चेंडू राहिला तो फक्त खेळणाऱ्यांच्या नजरेत आणि विंगेत बसलेल्या तिच्या हातांत. तिने टक केलं की चेंडू बॅटला लागला; गप्प राहिली की हुकला. शेवटच्या चेंडूला ती गप्प राहायची आणि काळा दोरा ओढायची. साहेबाच्या यष्ट्या कोसळायच्या, आणि सगळं गाव नाचत गात सुटायचं.

तालमीच्या खोलीवर पत्रे होते. एके संध्याकाळी पाऊस असा काही कोसळायला लागला, की तिचं टक तिलाच ऐकू येईना.

"माझ्या हातांकडे बघा!" ती ओरडली.

तो बघायला लागला. हातांकडे... मग बांगड्यांकडे... मग आणखी वर. फलंदाजीला उभा राहिला की त्याचं तोंड तिच्याच बाजूला, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

"पाऊस केव्हाच थांबलाय," काही दिवसांनी ती म्हणाली.

"हो का? मला ऐकूच आलं नाही."

काय दिवस होते ते! प्रयोगाला लोक साहेबाला शिव्या घालायचे. भाजी घेताना बायका त्याच्याकडे डोळे वटारून बघायच्या. तो बिचारा घरी येऊन तिच्यासमोर खो खो हसायचा, आणि त्या हसण्यावर तिचा अख्खा दिवस निघायचा. पण दोघांपैकी बोलेल कोण? शब्द जिभेवर यायचा आणि तिथेच बसून राहायचा.

शेवटच्या प्रयोगाला, नकली मिशी चिकटवता चिकटवता तो म्हणाला, "उद्या सकाळी निघतोय मी. बंदराच्या शहरात घड्याळांच्या कारखान्यात नोकरी मिळालीय."

"वा... छान!" ती म्हणाली. आणि स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली तिला.

शेवटचा चेंडू आला. पेटी थांबली, ढोलकी थांबली. साहेब बॅट रोवून उभा राहिला आणि त्याने विंगेकडे पाहिलं. दोरा तिच्या बोटाला गुंडाळलेला होता. नुसता ओढायचा! पण ओढला की साहेब बाद, पडदा खाली, आणि सकाळी खालची खोली रिकामी. तिचे डोळे भरून आले. धावत आलेल्या गोलंदाजाने हात फिरवला...

टक!

अरे देवा! रंगमंचावर सगळे थिजले. साहेबाने चेंडू टोलवला होता. म्हणजे साहेब जिंकणार, कुरण जाणार, आणि मामा आज तिला फाडून खाणार.

साहेब क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने बॅट तशीच उगारलेली ठेवून मान वर केली... उंच, उंच. त्याच्या नजरेमागे सगळ्या गावाची नजर वर गेली. प्रेक्षकही वर बघायला लागले. आणि मग ती नजर हळूहळू खाली यायला लागली, थेट सीमेवर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन उभ्या असलेल्या मामाच्या दिशेने. मामाने काठी फेकली, धोतर सावरलं, धावत जाऊन दोन्ही हात पुढे केले, आणि धप्पकन बसला. त्याने ओंजळ वर केली. ओंजळीत काहीच नव्हतं, पण अख्खं नाट्यगृह उभं राहून ओरडलं, "झेल!"

पडदा पडल्यावर ती ठोकळे पोटाशी धरून विंगेतच उभी होती. तो आला. अर्धी मिशी लोंबत होती.

"बाद का केलं नाहीस?"

"हात... चुकला."

"खरं सांग."

"जाऊ नका," ती म्हणाली. एवढंच, आणि रडायलाच लागली.

"वेडी की काय! बाद तर मी त्या पहिल्या दिवशीच झालो होतो, दारात. नोकरीवर जावं लागेल गं. पण तू... येशील माझ्याबरोबर?"

"मामाला विचारा."

"मला काय विचारायचंय?" मामा कंबर धरून मागेच उभा होता. "कंबरडं मोडून झेल घेतलाय मी याचा. आता हा सुटतोय थोडाच!"

आता मामा नाही. नाटकही कुणाला आठवत नाही. दोघांचे केस पिकलेत, आणि त्याला अलीकडे कमी ऐकू येतं. जेवायची हाक त्याच्या कानी पडत नाही. मग ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि काहीही न बोलता दोन्ही हात वर करते. तो घड्याळावरून नजर उचलून तिच्या हातांकडे बघतो.

"टक," तो म्हणतो, आणि उठतो.