तंबू खाली बसेना

डिझेल आणायला जाण्यात घाबरण्यासारखं काय आहे? पण गोष्ट तिथूनच सुरू होते. पंखा बंद करण्याआधी आत फेरी कशाला, असं हसत विचारलंत ना? मग ऐका. माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे. खोटं सांगून मला काय मिळणार?

सोळा नोव्हेंबर, शनिवार. साडेदहाला सिनेमाचा खेळ सुटला आणि साडू जनरेटरच्या डिझेलसाठी कॅन घेऊन निघाला. हाच आपला तंबू. खांब नाही, वासा नाही, पंख्याने भरलेल्या नुसत्या हवेवर तीनशे माणसांचं छप्पर. लोक खेळापेक्षा तंबूच बघायला यायचे. पंखा साडूच्या ताब्यात. पंखा थांबला की पाच मिनिटांत छत जमिनीवर. आणि कापड इतकं जड, की खाली सापडलेल्याला श्वास मिळत नाही.

हे आम्हाला ठाऊक झालं ते आदल्या वर्षी. ठिगळमामा त्यात गेले. कापड फाटलं की ठिगळ लावणारे म्हातारे गृहस्थ. पडद्यामागे डोळा लागला होता. ‘सगळे गेलेत’ म्हणून साडूने बटण दाबलं. तेव्हापासून तो रोज फेरी मारी. एक हात भिंतीवर, प्रत्येक शिवणीपाशी एक हाक.

त्या रात्री परतला तेव्हा अकरा चाळीस. वारा पिसाळलेला. फुगलेला तंबू त्यात फाटला असता तर आम्हा सगळ्यांच्या पोटावर पाय. लेक छकुली कुठे, त्याने बायकोला विचारलं. ट्रकमध्ये निजली असेल, ती म्हणाली. ‘असेल’वर कोणी थांबलं नाही. फेरी न मारताच त्याने पंखा बंद केला.

दोन्ही दारं उघडून आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

तंबू खाली बसेना.

हवा तर बाहेर येत होती. तोंडावर लागत होती. गार... आणि तिला डिंकाचा वास. मामांच्या हातांना यायचा, तोच.

साडूने माझ्याकडे पाहिलं.

“दादा...”

एवढंच. मग बॅटरी उचलली. मी त्याचा दंड धरला. त्याने हळूच सोडवून घेतला.

“माझी फेरी राहिलीय.”

आत गेला. पहिली शिवण. हाक. दुसरी. हाक. तिसरी...

हाक आली नाही.

मग धावती पावलं. खांद्यावर छकुली, अर्धवट झोपेत. मामा सापडले होते तिथेच निजली होती. दोघं बाहेर आले, आणि मागे... धप्प. अख्खं छत. एका दमात.

पोरीने डोळे चोळले.

“बाबा, मामांचे हात भरून आले होते.”

ती अडीच वर्षांची असताना मामा गेले. तिला ते आठवायचेही नाहीत.

सकाळी कापड पसरलं. ती निजली होती त्याच्या बरोब्बर वर, शिडी पोचत नाही तिथे, दोन पंजांचे फुगवटे. आतून रेटलेले. बोटं मोजून घ्या. आम्ही वजनं ठेवून पाहिली, रोलर फिरवून पाहिला. घडी घातली की तेवढी जागा पुन्हा वर येते.

परवा घडी घालताना तुम्हीच नाही का म्हणालात, आत काहीतरी राहिलंय म्हणून...