घडीवर तुटलेली शाई

दार लोटून घे रे. आणि तो मोबाईल खिशात घाल. ऐकायचं तर नीट ऐका.

माझ्या फ्रेमच्या दुकानाशेजारी एकाचं ऑफिस होतं. सगळे त्याला भिंग म्हणायचे, कारण जेवतानाही त्याच्या गळ्यात भिंग लोंबकळत असायचं. काम काय, तर जुन्या बंदुकांचे कागद पारखायचे. बंदूक कुणाची, कुणाला का मिळाली, हे सांगणारा कागद अस्सल निघाला की शौकीन मंडळी चौपट किंमत मोजतात. भिंग आधी घडी बघायचा. खरा कागद लिहून झाल्यावर वर्षानुवर्षं खिशात फिरतो, म्हणून घडीवर शाई तुटते. बनावट करणारा कागद आधी दुमडून जुना करतो, मग लिहितो. तेव्हा शाई घडीत पसरते. "माणूस खोटं बोलेल, घडी बोलणार नाही," असं तो म्हणायचा. स्वतः मात्र बोलायचा.

नोव्हेंबरातला शनिवार होता, अमावास्येचा. दुपारी एक म्हातारा बस ड्रायव्हर आजोबांची बंदूक आणि तिचा कागद घेऊन आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"विकायची नाहीये साहेब," तो म्हणाला. "ही बक्षिसाची बंदूक. पण आजोबांनी पलटणीतून चोरून आणली म्हणतात लोक. आम्हाला अजून चोराचं घर म्हणतात. कागद खरा आहे एवढं लिहून द्या. खिशातच ठेवीन."

भिंगाने घडी बघितली. शाई तुटलेली होती. कागद सोळा आणे खरा, हे त्याने मला नंतर सांगितलं. पण शेजारी बंदुकांचा व्यापारी बसला होता, आणि भिंगाची चूल त्याच्याच कमिशनवर पेटायची.

"बनावट आहे," भिंग म्हणाला.

"परत एकदा बघा ना, साहेब."

"बघितलं, काका. उगाच वेळ घालवू नका."

म्हातारा बंदूक आणि कागद दोन्ही व्यापाऱ्याला भंगाराच्या भावात देऊन उठला. "चोराचाच माल, घरात ठेवून काय करू?" म्हणाला. मला अजून संताप येतो, पोरांनो. व्यापारी जिना उतरताना शीळ घालत होता.

सकाळी व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक येणार, म्हणून भिंग रात्री एकटाच दाखला लिहायला बसला. पुढचं त्यानेच मला सांगितलं. आता खरं लिहायला त्याची काहीच हरकत नव्हती. 'सदर कागद अस्सल आहे.' सही केली. मध्यरात्र उलटली होती म्हणून रविवारची तारीख घातली. कोरा करकरीत कागद शाई वाळायला टेबलावर पसरून ठेवला.

समोरची खुर्ची करकरली.

त्याने मान वर केली. कुणी नाही.

दिवा गेला.

अंधारात कुणीतरी श्वास घेत होतं. अगदी समोर.

"परत एकदा... बघा ना..."

भिंग खुर्चीसकट मागे सरकला.

"साहेब..."

मग काहीच नाही. नुसता कागद दुमडल्याचा आवाज.

दिवा आला. टेबल रिकामं. दाराची कडी आतून तशीच.

सकाळी मी दुकान उघडत होतो, तेव्हा ड्रायव्हरची मुलगी आली. डोळे सुजलेले. मला ओलांडून तडक भिंगासमोर उभी राहिली.

"बाबा काल संध्याकाळीच गेले," ती म्हणाली. "तुमच्याकडून घरी आले, भिंतीकडे तोंड करून निजले ते उठलेच नाहीत. रात्रभर आम्ही भोवती बसून होतो. ना कुणी आलं, ना कुणी गेलं. आज सदरा उतरवताना खिशात हे सापडलं. खरं लिहून दिलं होतंत, तर तोंडाने बनावट का म्हणालात?"

चार घड्या घातलेला दाखला. भिंगाचीच सही, रविवारचीच तारीख.

भिंग घडीकडे बघत राहिला.

"का हाही बनावट आहे?" तिने विचारलं. "बघा ना परत एकदा."

भिंगाने गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

पुन्हा घातलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

तो दाखला तिने माझ्याकडून फ्रेम करून घेतला. मी हाताने उलगडला. कडा झिजून मऊ झालेल्या, कागद घामाने पिवळा पडलेला. आणि चारी घड्यांवर शाई तुटली होती.