भरलेली, खाली, सात

कुणाला पटो न पटो, हे जसं घडलं तसंच सांगतेय. माझ्या सख्ख्या मामांसोबत घडलेलं आहे. आणि मामा हा माणूस साध्या गप्पांनासुद्धा तिखटमीठ लावत नाही.

दिवस गुरुवारचा. वेळ दुपारी साडेतीनची.

हो, दुपारची. अंधार वगैरे काही नव्हता.

होतं ते फक्त धुकं...

मामा दगडाच्या खाणीवर डंपर चालवायचे. खाण डोंगराच्या माथ्यावर, खडी फोडायचा कारखाना पायथ्याला. मधे अकरा किलोमीटरचा कच्चा रस्ता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि रुंदी जेमतेम एका डंपरची. दर किलोमीटरला चुन्यानं आकडा घातलेला दगड. खालून वर, एक ते अकरा. तीन, पाच आणि आठच्या दगडापाशी डोंगर कापून गाडी बाजूला घेण्यापुरती जागा केलेली होती. ड्रायव्हर तिला 'खिसा' म्हणायचे. वरून भरलेली गाडी येत असेल तर खालून जाणाऱ्या रिकामीनं खिशात शिरून थांबायचं, असा नियम.

पण वळणापलीकडे गाडी आहे हे कळणार कसं?

पूर्वी ते हॉर्नवर चालायचं. वरच्यानं एक लांब हॉर्न द्यायचा. म्हणजे, 'येऊ का?'

खालच्यानं दोन छोटे द्यायचे. म्हणजे, 'ये, जागा दिलीय.'

वर्षभरापूर्वी, अशाच धुक्यात, सहाच्या दगडापाशी फौजी गेला.

फौजी म्हणजे मामांचा जिगरी दोस्त. सैन्यात तो कधीच नव्हता. पण मिशा पिळदार आणि वेळेला पक्का, म्हणून फौजी. भरलेला डंपर घेऊन उतरत होता. समोर मामांची रिकामी गाडी आली. टक्कर टाळायला त्यानं गाडी दरीकडे वळवली... आणि कडेची माती खचली.

मामांच्या अंगावर ओरखडासुद्धा आला नाही.

चौकशी झाली. "हॉर्न ऐकू आला होता का?" असं मामांना विचारलं. मामा म्हणाले, "नाही." धुक्याच्या माथी खापर फुटलं आणि विषय संपला.

त्यानंतर मामा हात धुऊन खाणीच्या साहेबांच्या मागे लागले. प्रत्येक गाडीत वायरलेस हवा. साहेब वैतागले, पण शेवटी नमले. सगळ्या डंपरमध्ये सेट बसले. एक सेट पायथ्याच्या वजनकाट्यावर, ताईच्या टेबलावर. ताई, म्हणजे सगळे जिला ताई म्हणायचे ती कारकून, काट्यावर नोंद ठेवायची. किती गाड्या वर गेल्या, किती खाली आल्या, हे तिच्या रजिस्टरात अगदी चोख असायचं.

बोलायची पद्धत मामांनीच ठरवली. तीन शब्द, बस्स. 'भरलेली, खाली, नऊ.' 'रिकामी, वर, चार.' दर दगडाला एकदा. बाकी घरच्या गप्पा घरी.

आठ महिने एकाही गाडीला खरचटलं नाही.

मग थंडी आली. धुकं उतरायला लागलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मामा रिकामी गाडी घेऊन चारच्या पुढे होते. सेट खरखरला.

"भरलेली... खाली... नऊ."

मामांनी पाचच्या खिशात गाडी घातली. इंजिन बंद केलं. वाट बघत बसले.

"भरलेली... खाली... आठ."

"भरलेली... खाली... सात."

आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडालेला. कोण आहे ते कळेना. मामांनी काच खाली केली. एवढी जड गाडी उतरताना अख्खा डोंगर गुरगुरतो. जमीन आधी सांगते, मग कान.

पण बाहेर काहीच नाही.

ना इंजिन. ना खडीचा आवाज.

पाच मिनिटं गेली. दहा... वीस...

शेवटी मामांनी बटण दाबलं. "सातवरची भरलेली, अडकलास का रे?"

उत्तर आलं ते काट्यावरून.

"मामा," ताई म्हणाली, "वर एकही भरलेली नाहीये. बाकीच्या तिन्ही गाड्या माझ्यासमोर उभ्या आहेत."

"मग आत्ता बोललं कोण?"



"मी पण ऐकलं, मामा," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं करून झाडलं. कोण आगाऊपणा करतंय? कुणीच कबूल होईना. सगळे सेट तपासले. सगळे ठीक.

चार दिवसांनी धुकं पडलं आणि पुन्हा तेच. नऊ, आठ, सात... आणि मग शांतता. सहा कधी यायचंच नाही.

ड्रायव्हरांमध्ये कुजबुज सुरू झाली. पण मामांना वेगळ्याच गोष्टीनं झोप लागेना. आवाज कुणाचा, याचा त्यांना अंदाज आला होता. 'भरलेली' म्हणताना 'भ'वर जोर देणारा खाणीवर एकच माणूस होता.

पण फौजीच्या हयातीत वायरलेस आलाच नव्हता. ही तीन शब्दांची पद्धत तो गेल्यानंतर मामांनी ठरवली होती.

मग ती त्याला कुणी शिकवली?

हळूहळू व्हायचं तेच झालं. धुक्यात हाक आली की पोरं आधी ताईला विचारायची. ताई म्हणाली 'वर कुणी नाही', की खुशाल पुढे जायची. सगळ्यात पुढे पैलवान.

पैलवान अंगानं काडी, म्हणून त्याचं नाव पैलवान. गाडी त्याला मामांनी शिकवली होती. मामी गेल्यापासून हा रोज घरून दोन डबे आणायचा आणि एक न बोलता मामांच्या सीटवर ठेवायचा. तोंड मात्र अखंड चालू.

"मामा, भूत असेल तर त्याला म्हणावं डिपर मार. नुसतं रेडिओवर काय बोलतोस!"

सगळे हसायचे. मामा हसायचे नाहीत.

"एक दिवस खरी गाडी असेल," ते म्हणाले. "तेव्हाही तू असाच हसत पुढे जाशील. हाक आली की थांबायचं. कुणाची का असेना."

"तुम्ही म्हणाल तसं, मामा."

तो तसं म्हणाला खरा.

आता तो गुरुवार.

साडेतीनलाच धुकं इतकं उतरलं की मामांना स्वतःच्या डंपरचं नाक दिसेना. पुढे मामा, मागे पैलवान. दोघंही रिकामे. मामा पाचच्या दगडाशी पोचले आणि सेट खरखरला.

"भरलेली... खाली... सात."

नऊ नाही. आठ नाही. एकदम सात.

मामा खिशात शिरले. मागून पैलवानचे दिवे आले.

"पैलवान, खिशात घे. माझ्यामागे जागा आहे."

"एक मिनिट, मामा. ताई, वर कोण आहे गं?"

"कुणी नाही," ताई म्हणाली. "शेवटची भरलेली पावणेतीनला उतरली. पक्कं सांगते."

"ऐकलंत ना, मामा? तुम्ही बसा गाऱ्हाणं ऐकत. मी जातो."

"पैलवान, थांब!"

त्यानं मस्तीत एक हात बाहेर काढून हलवला. डंपर मामांच्या खिडकीशेजारून पुढे सरकला. मागचे लाल दिवे धुक्यात विरघळले...

मामांनी बटण दाबून धरलं आणि ओरडत राहिले. "थांब! थांब रे! मागे ये!"

बटण दाबलेलं असलं की दुसऱ्याचं ऐकू येत नाही. दमून त्यांनी बोट उचललं.

आणि सेटमधून आवाज आला. अगदी स्पष्ट. खरखर नाही, घरघर नाही. जसा कुणी शेजारच्या सीटवर बसून बोलतोय.

"खाली कोण आहे?"

मामांनी शेजारच्या सीटकडे बघितलं. रिकामी.

"खाली कोण आहे?"

वर्षभर जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मामा त्या सेटमध्ये बोलले. देवाला नाही, साहेबांना नाही... त्या आवाजाला.

"मी आहे, फौजी. मीच होतो. तुझा हॉर्न मला ऐकू आला होता. मी खिशात नव्हतो रे. पुढे निघून गेलो होतो, सहापर्यंत. वाटलं, तू येईपर्यंत आरामात मागे घेईन. म्हणून मी दोन हॉर्न दिले. जागा नसताना दिले. माझ्या सांगण्यावर आलास तू."

त्यांनी श्वास घेतला.

"आता वर माझं पोर येतंय. त्याला काही करू नकोस. जागा नाहीये, फौजी. येऊ नकोस."

बोट उचललं. सेट शांत.

वरून, धुक्यातून, एक लांब हॉर्न ऐकू आला.

मग दोन छोटे.

त्यानंतर मात्र जमीन बोलली. आधी एक धक्का... मग दगड घरंगळत जात असल्याचा आवाज. खूप वेळ. जणू दरीला तळच नाही.

मामा पळत वर गेले. एक किलोमीटरचा चढ, बासष्टाव्या वर्षी, धुक्यात, हातानं कडा चाचपत. सहाच्या दगडापाशी रस्त्याची कड तुटलेली होती. चाकांच्या खुणा एकाच गाडीच्या. सरळ येत होत्या, आणि मग एकदम दरीकडे वळल्या होत्या. समोर कुणी तरी आल्यावर वळवावी तशा.

समोर रस्ता कोरा होता. ओल्या मातीवर दुसरी एकही खूण नाही.

पैलवानला वर आणायला रात्र झाली. तो जागच्या जागी गेला होता.

पुन्हा चौकशी, पुन्हा धुकं. ह्या वेळी मामांनी सगळं सांगितलं. दोन हॉर्नचंसुद्धा. चौकशीच्या साहेबांनी कागदावरून मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काका, तुम्हाला धक्का बसलाय. घरी जा." जुनी फाईल कुणी उघडली नाही.

मग मामा फौजीच्या घरी गेले. वहिनींना दारातच सगळं सांगितलं, आत न जाता. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.  हळूच दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, तेव्हा मामा निघाले.

त्यांनी स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. आता आमच्याकडेच असतात. बसमध्येसुद्धा पुढच्या सीटवर बसत नाहीत.

इथपर्यंतचं मामांनी सांगितलेलं.

पुढचं त्यांना माहीत नाही.

गेल्या महिन्यात मला ताई भेटली. काट्यावरचं काम तिनंही सोडलंय. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग विचारलं, "मामा कसे आहेत?"

"झोपत नाहीत," मी म्हटलं. "म्हणतात, आणखी जोरात ओरडलो असतो तर पैलवान थांबला असता."

ताईचा चेहरा उतरला.

"ते ओरडले?"

"म्हणजे काय? 'थांब, मागे ये' म्हणून किती वेळ ओरडत होते. तुमच्या सेटवर आलं असेल ना?"

ताईनं मान हलवली. नाही.

"काय आलं मग?"

ती उठायला लागली. मी तिचा हात धरला.

"माझ्यासमोर सेट होता," ती म्हणाली. "आवाज मामांचाच. मी पाच वर्षं ऐकलाय, मला चुकायचा नाही. ओरडणं नाही, काही नाही. एकदम शांत. लहान मुलाला बोलवावं तसं. पैलवानलाही तेच ऐकू गेलं असणार."

"काय म्हणाले?"

"'ये... ये... जागा दिलीय.' तीनदा म्हणाले."

हे तिनं चौकशीत सांगितलं नाही. मामांनाही सांगितलं नाही. आता मला सांगून मोकळी झाली.

मामा आत्ता शेजारच्या खोलीत आहेत. जागेच आहेत, कूस बदलल्याचा आवाज येतोय. बाहेर सकाळपासून धुकं आहे.

आणि आतून, खूप हळू आवाजात, मामा कुणाशी तरी बोलतायत...

खोलीत ते एकटेच आहेत.