आपोआप फुटलेलं दार

"मॅडम, काच... आपोआप फुटते का?"

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा नुकतीच काच फोडलेली असते. काचेच्या कारखान्यात दोष शोधणं हे माझं काम; मला सगळे 'भिंग' म्हणतात, ते काही उगाच नाही.

कारखाना बघायला आलेल्या लोकांना मी गॅलरीतून खालची लाइन दाखवत होते. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर सोडतात. ती त्यावर तेलासारखी पसरते आणि तरंगत, निवत पुढे सरकते. दोन्ही बाजू आपसूक सपाट होतात, घासावं लागत नाही. सगळे आ वासून त्या नारिंगी प्रवाहाकडे बघत होते. एकटा तो माझ्याकडे बघत होता. गर्दी पांगल्यावर त्याने हे विचारलं.

"काय फोडलंत?" मी म्हणाले.

तो हसला. हसू छान होतं... म्हणून मी आणखी सावध झाले.

त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाचं दार आमच्याच काचेचं, पुन्हा तापवून झटकन गार केलेल्या टफन्ड काचेचं. एका सकाळी त्याचा अचानक चुरा झाला होता. कोणी धक्का दिला नाही, काही आपटलं नाही, असं तो म्हणत होता. मी तुकडे मागितले. ते त्याने त्याच दिवशी झाडून टाकले होते.

वा! पुरावा केरात आणि चेहरा निरागस. भरपाईत फुकट नवं दार हवं असणार. अशी काच क्वचित स्वतःहून फुटते हे खरं, पण कोणती तशी फुटली ते तुकड्यांवरूनच कळतं, असं मी त्याला ऐकवलं. तुकडे नसले की सगळ्यांचीच दारं आपोआप फुटतात.

पुढच्या आठवड्यात तो थेट माझ्या प्रयोगशाळेच्या दारात. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय म्हणाला, स्टुलावर चढला, ते उतरवून तिथेच उघडून बसला. त्याची बोटं इतकी हलकी चालत होती की मी हातातलं काम विसरले. मग ते लक्षात येऊन स्वतःवरच चिडले.

"किती द्यायचे?"

"पैसे नकोत. पुढच्या वेळी चहा द्या."

"पुढची वेळ कशाला?"

"घड्याळ आहे, मॅडम. पुन्हा मागे पडू शकतं."

घरी हे सांगितलं तर ताई कपाळाला हात लावून म्हणाली, चांगला मुलगा गोड बोलतोय आणि तुला त्यात फुकटचं दार दिसतंय? मला दिसत होतं. म्हणून एक दिवस, न कळवता, मी त्याच्या दुकानावर जाऊन धडकले.

दार जागेवर होतं. नवं कोरं, स्वच्छ, बसवून झालेलं.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. "दार तर तुम्ही कधीच बसवलंय. मग माझ्याकडून हवंय काय?"

तो पहिल्यांदाच गडबडला. त्याने मला खुणेने थांबवलं आणि हळूच मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे त्याचे बाबा दाराकडे पाठ करून बसले होते. समोर अवजारं मांडलेली, हात मात्र मांडीवर.

आवाज खाली आणून त्याने सांगितलं. त्या सकाळी दुकानात बाबा एकटेच होते. "मी धावत आलो आणि पहिलं वाक्य काय बोललो... बाबा, खरं सांगा, काय लागलं दाराला? ते म्हणाले, मी हातही लावला नाही. मी गप्प राहिलो. तेव्हापासून त्यांनी घड्याळ उघडलेलं नाही. म्हणतात, हात कुठे लागतो तेच ज्याला कळत नाही, त्याने घड्याळं कशाला उघडायची?" मग तो म्हणाला, "तुम्ही फक्त सांगा त्यांना... की ते आपोआप फुटलं."

"तुकडे न बघता?"

"खोटं असलं तरी चालेल."

"मला नाही चालणार. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

बोलले आणि जीभ चावली. त्याचे डोळे माझ्यावर थबकले — पण तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाबा उठले होते. आम्ही कुजबुजत होतो खरे, पण घड्याळाच्या टिकटिकीतली चूक ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचे कान ते! त्यांनी खणातून पत्र्याची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. "बारीक वस्तू टाकवत नाही, बाळ. हे उंबऱ्यापाशी सापडलं होतं. एवढं एकच जोडीने राहिलेलं."

डबीत काचेचे दोन तुकडे होते, एकमेकांना कडेने चिकटलेले. चुऱ्यातल्या खड्यांपेक्षा मोठे. पसरलेल्या पंखांसारखे... फुलपाखरू.

मी बाबांचंच भिंग डोळ्याला लावलं. दोन पंखांच्या मधल्या रेघेवर मोहरीहूनही कितीतरी लहान असा काळपट ठिपका होता.

"सूक्ष्मदर्शकाखाली बघून मी लेखी देईन," मी म्हणाले. "पण असं फुलपाखरू जिथे उरतं, तिथूनच फूट सुरू झालेली असते. हा निकेलचा कण आहे. आमच्याच भट्टीतून आलेला. काच झटकन गार केली की तो आत आखडलेला राहतो, मग महिनोन्‌महिने हळूहळू फुगत जातो. आणि एका सकाळी..." मी बाबांकडे बघितलं. "तुमचा हात लागलाच नव्हता. चूक आमच्या काचेत होती."

मुलगा त्यांच्याजवळ गेला, म्हणाला, "बाबा, मी तेव्हाच मानायला हवं होतं." त्यांनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. मग माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. "मघापासून बघतोय, मागे आहे ते. काढ बघू, बाळ."

आठवड्याने घड्याळ मला मुलाने आणून दिलं, मऊ कापडात गुंडाळून. घरी येऊन उघडलं तर बंद! दुसऱ्या दिवशी मी तडक दुकानात.

बाबा डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. आता तोंड दाराकडे होतं.

"घड्याळ... आपोआप बंद पडतं का?" मी मुलाला विचारलं.

"पडतं कधी कधी," तो मान वर न करता म्हणाला. "आत काहीतरी असलं की."

"आत काही नाहीये. काटे फिरवायची चावी बाहेर ओढलेली आहे, म्हणून बंद. कापड सोडल्या सोडल्या दिसली मला."

त्याचे कान लाल झाले. कोपऱ्यात बाबांना एकाएकी खोकला आला.

"मग..." त्याने घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट केलं. चावी अजून बाहेरच होती. "मग तुम्ही ती आत का नाही ढकललीत?"

मी नव्या दाराकडे बघितलं. काचेत आम्ही दोघं दिसत होतो, अंधुक, शेजारी शेजारी.

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले. "संशय घ्यायची पाळी आता तुमची."